अबोला : घरातले मुके दुखणे

लहान मुले भांडली की कट्टी घेतात. सकाळी घेतलेली कट्टी मधल्या सुट्टीत सुटते, कारण डबा वाटून खायचा असतो आणि खेळायला एक गडी कमी पडतो. मोठी माणसे कट्टी घेत नाहीत, अबोला धरतात. तो सुटायला कधी आठवडा लागतो, कधी महिना. एकाच घरात राहून, एकाच पातेल्यातली आमटी खाऊन, अकरा वर्षे एकमेकांशी चकार शब्द न बोललेले दोन सख्खे भाऊ माझ्या माहितीत आहेत. कारण विचारले तर थोरल्याला नीट आठवत नाही आणि धाकटा सांगत नाही.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. सांगतो. ताप, खोकला, जुलाब यांच्यासाठी जितके लोक दवाखान्याची पायरी चढतात, त्यांच्या मागोमाग अशा लोकांची रांग असते ज्यांचे सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात आणि तरीही त्यांचे दुखणे खोटे नसते. डोके जड होणे, छातीत धडधड, जळजळ व पित्त, रात्री दोनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, मानेपासून कमरेपर्यंत ठणका. ‘डॉक्टर, एखादी सलाईन लावा, अशक्तपणा आलाय,’ ही त्यांची ठरलेली मागणी. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड जरूर तपासावे. पण ते सारे ठीक निघाल्यावर मी एक प्रश्न हळूच विचारतो: ‘घरात सगळे बोलतात ना एकमेकांशी?’ यावर ‘हो’ म्हणायला काही जणांना फार वेळ लागतो.

टपाल्या डॉक्टर

अबोला धरला आहे असे कोणी तोंडाने सांगत नाही. परंतु अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर काही खुणा ध्यानात येतात. नवरा-बायको दोघे येतात, पण बाकावर मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा सोडून बसतात. आत आले की बोलणे माझ्यामार्फत चालते. ‘डॉक्टर, यांना सांगा, रात्री बारापर्यंत टीव्ही लावत जाऊ नका.’ ‘डॉक्टर, हिला विचारा, मी काल कधी लावला?’ दोघांमध्ये दीड हाताचे अंतर, आणि टपाल मात्र माझ्या टेबलावरून जाते! एरवी हेच जोडपे सत्यनारायणाला शेजारी शेजारी पाटावर बसते, ती त्यांच्या हाताला हात लावते, भटजी म्हणतील तेव्हा ‘मम’ म्हणते, आणि प्रसाद वाटून झाला की पुन्हा दोघे दोन खोल्यांत.

एक उदाहरण देतो. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. एकसष्ट वर्षांचे निवृत्त कारकून. ब्लडप्रेशर सात-आठ वर्षांचे, दोन गोळ्यांवर छान ताब्यात होते. एका पावसाळ्यात ते १७०/१०० वर गेले आणि खाली येईना. मीठ तेवढेच, वजन तेवढेच. ईसीजी केला, रक्त-लघवी पाहिली, किडनीची तपासणी केली. दोष सापडला नाही. तिसऱ्या खेपेला मी त्यांना घरातल्या गोळ्यांची पाकिटे घेऊन यायला सांगितले. एक पाकीट संपत आलेले, दुसरे जवळजवळ भरलेले.

‘ही का घेत नाही?’

‘मला कुठं ठाऊक कुठली कधी घ्यायची! आमची ही सकाळी वाटीत काढून ठेवायची.’

‘मग आता?’

गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. घरात सत्तेचाळीस दिवस अबोला होता. दिवस त्यांनी मोजले होते, हे विशेष.

झाले होते असे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी धाकट्या भावाला दोन लाख रुपये दिले आणि बायकोला सांगितले नाही. तिला ते बँकेच्या पासबुकातून कळले. त्या दिवशी तिने ताट वाढले, पाणी ठेवले आणि बोलणे बंद केले. यांनीही ‘नाही तर नाही’ म्हणून बंद केले. दोघांना समोर बसवून निवाडा करण्याचा मोह अशा वेळी फार होतो. तो आवरावा लागतो. मी वहिनींना बीपी तपासायच्या निमित्ताने वेगळे बोलावले आणि वीस मिनिटे नुसते ऐकले. पैशाबद्दल त्या दोन वाक्ये बोलल्या. बाकी सगळे वेगळेच होते. ‘यांच्या आईचं चार वर्षं अंथरुणावर केलं तेव्हा मी घरची होते. पैसे काढताना बाहेरची झाले का, एवढंच मला विचारायचंय.’ आता हे त्यांनी नवऱ्याला विचारले होते का? नव्हते. विचारले असते तर अबोला कसला!

गृहस्थांना वेगळे विचारले. ते म्हणाले, ‘सांगणारच होतो. पण सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.’ भांडण टाळायला माणूस गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यानेच सत्तेचाळीस दिवस घालवतो. हा हिशेब मी त्यांना करून दाखवला आणि एकच वाक्य म्हणायला सांगितले: ‘मी तुला आधी विचारायला हवं होतं.’ माझ्यासमोर त्यांनी ते म्हणून पाहिले. पहिल्यांदा म्हणाले, ‘मी तुला विचारायला हवं होतं, पण तूसुद्धा...’ मी थांबवले. दुसऱ्यांदाही ‘पण’ आलाच. तिसऱ्या वेळी वाक्य पूर्णविरामावर थांबले, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. चाळीस वर्षे सरकारी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला ‘तथापि’ शिवाय वाक्य लिहिणे जड जाते, हेही खरे.

ते वाक्य त्यांनी आठ दिवसांनी बँकेतून परत येताना रिक्षात म्हटले. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्या रागातच. म्हणाल्या, ‘काल तासभर भांडलो.’ मी म्हटले, अभिनंदन. पंधरा दिवसांनी गृहस्थांचे प्रेशर १४२/८८ होते. यातले श्रेय बोलण्याचे किती आणि पुन्हा सुरू झालेल्या दुसऱ्या गोळीचे किती? गोळीचेच जास्त असावे. पण ती गोळी वाटीपर्यंत पोहोचायचा रस्ता त्या रिक्षातून गेला होता. पैसे भावाकडून परत आले की नाही, ते मी विचारलेले नाही.

गप्प माणूस शांत नसतो

अबोला धरणारा माणूस बाहेरून दगडासारखा दिसतो. समोरच्याला वाटते, याला काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात आत काय चालते हे अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून मोजून पाहिले. त्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवले, अंगाला नाडीचे ठोके मोजणारी यंत्रे लावली आणि नेहमीच्या वादाच्या विषयावर बोलायला सांगितले. वाद रंगला की काही जण तोंड मिटून घेत, दुसरीकडे पाहत, ‘हूं’ सुद्धा म्हणत नसत. असे करणाऱ्यांत पुरुष बरेच जास्त होते. आणि अशा वेळी नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेलेली आढळे. म्हणजे दगडाच्या आत घोडा धावत होता.

याचे कारण आपल्या शरीराच्या जुन्या व्यवस्थेत आहे. धोका दिसला की अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात, स्नायू ताठ होतात. वाघ समोर आला तर पळायला याचा उपयोग होतो. समोर बायको किंवा बाप असेल तर पळता येत नाही, लढणे बरे दिसत नाही, मग माणूस गोठतो. या अवस्थेत ऐकलेले डोक्यात शिरत नाही. ‘तुम्ही ऐकतच नाही’ ही बायकांची तक्रार अशा वेळी शब्दशः खरी असते.

गॉटमन यांच्या प्रयोगातील एक गंमत मला फार आवडते. पंधरा मिनिटे वाद झाल्यावर त्यांनी जोडप्यांना सांगितले, यंत्र जरा दुरुस्त करायचे आहे, तोवर अर्धा तास ही मासिके चाळा, त्या विषयावर बोलू नका. अर्ध्या तासाने पुन्हा विषय काढला तेव्हा नाडी खाली आलेली होती आणि बोलणेही पुष्कळ समजुतीचे झाले. ‘मॅगझिन चाळा’ हे औषध कोणत्याही केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते.

आता दुसरी बाजू. ज्याच्याशी बोलणे टाकले जाते त्याचे काय होते? २००३ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात ठेवून संगणकावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला. तिघांचा खेळ. थोड्या वेळाने बाकीचे दोघे आपसातच चेंडू टाकू लागत, याला देईनात. ते दोघे खरे खेळाडू नव्हतेच, संगणकच खेळत होता. तरीही वगळलेल्या माणसाच्या मेंदूतला असा एक भाग जास्त काम करताना दिसला, जो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही निगडित आहे. परक्यांनी चेंडू दिला नाही तर ही गत, मग स्वतःच्या घरात तीन आठवडे कोणी नजर वर करून पाहिले नाही तर? ‘मारलं असतं तरी चाललं असतं, पण बोला’ असे म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मारणे मुळीच चालत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पण त्या वाक्यामागची कळ समजून घ्यावी.

काही अबोले रागाचे असतात, ते ओसरतात. काही हिशेबी असतात. कैकेयी कोपभवनात गेली ती काही रडायला जागा नव्हती म्हणून नव्हे. तिला दोन वर हवे होते. समोरचा नाक घासत येईपर्यंत बोलायचे नाही, हा ज्या घरातला शिरस्ता आहे तिथे अबोला हे हत्यार झालेले असते आणि ते दर खेपेला थोडे जास्त चालवावे लागते. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. निरोप वाचला, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. पूर्वी कामावर गेल्यावर तरी अबोल्याला आठ तासांची सुट्टी मिळे.

मुलाच्या पोटात दुखते

नऊ वर्षांची एक मुलगी दर सोमवारी सकाळी पोट धरून बसायची. जंताचे औषध झाले, सोनोग्राफी झाली. सोनोग्राफीत पोटात बारीक गाठी दिसतात असे लिहून आले आणि आईबापाची झोप उडाली. मुलांच्या पोटात अशा छोट्या गाठी पुष्कळदा दिसतात आणि बहुतेक वेळा त्यांना काही करावे लागत नाही, हे समजावताना मी मुलीलाच विचारले, घरी तू काय काम करतेस? ती म्हणाली, ‘मी निरोप सांगते.’ आई म्हणते पप्पांना सांग गॅस संपलाय. पप्पा म्हणतात आईला सांग मग मागव. निरोप सांगताना आवाज कोणाचा काढायचा, हेही तिला कळू लागले होते. रविवारी दोघे दिवसभर घरी, त्यामुळे रविवारी काम जास्त. सोमवारी पोटात दुखणारच!

वाचकहो, मुलांना भांडणाची जितकी भीती वाटते त्याहून न सुटणाऱ्या भांडणाची जास्त वाटते. आईवडील मोठ्याने भांडले आणि संध्याकाळी हसून चहा प्यायले, तर मूल एक गोष्ट शिकते: भांडण संपते. अबोल्यात त्याला शेवट दिसत नाही, आणि कारण माहीत नसल्याने ते स्वतःलाच कारण समजते. म्हणून बाकी काही जमले नाही तरी एवढे पथ्य पाळा. मुलाच्या हातून निरोप पाठवू नका. आणि ‘आमचं दोघांचं थोडं बिनसलंय, तुझ्यामुळे नाही,’ हे त्याला एकदा तोंडाने सांगा.

बाप-लेकाचा अबोला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथे टपालाचे काम आई करते आणि दोन्हीकडची बोलणी खाते.

सगळेच गप्प राहणे अबोला नसतो

हा भाग डॉक्टर म्हणून मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे घरची माणसे रुसवा समजून दुखणे अंगावर काढतात.

साठीच्या पुढचे गृहस्थ हाकेला ओ देत नाहीत, टीव्ही मोठा लावतात, चारचौघांत गप्प बसतात. बायकोला वाटते, मुद्दाम दुर्लक्ष करतात. बऱ्याचदा त्यांना ऐकूच येत नसते. वाढत्या वयात आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे बायकांचा व मुलांचा आवाज हरवतो आणि पुरुषांचा भरड आवाज ऐकू येतो. ‘मित्रांचं बरं ऐकू येतं, माझंच येत नाही’ या तक्रारीत कपट नसून कानाची झीज असू शकते. कानातला मळ काढून, ऑडिओमेट्री करून, गरज असल्यास यंत्र लावून काही संसार सुधारलेले मी पाहिले आहेत. चाळिशीला चष्मा लावताना लाज वाटत नाही, मग यंत्राची का वाटावी?

एखादी व्यक्ती फक्त एकाशीच नव्हे तर सगळ्यांशीच बोलेनाशी झाली, दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास आहे, आवडत्या गोष्टीत मन लागत नाही, झोप-भूक बिघडली, ‘मी नसलो तर बरं’ असे सुचवू लागली, तर तो अबोला नाही. ते नैराश्य असू शकते. तिथे रुसवा काढायची भाषा उपयोगाची नाही, डॉक्टरकडे न्यावे. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. थायरॉईड कमी झाल्यानेही माणूस मंद आणि अबोल होतो, तेव्हा ती तपासणी राहून जाऊ नये.

बोलता बोलता अचानक वाचा गेली, शब्द सुचेना, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, तर ही मेंदूच्या झटक्याची लक्षणे आहेत. कांदा हुंगवत, नजर उतरवत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात. घड्याळ पाहून निघा.

आणि एक गप्प राहणे भीतीचे असते. दारू पिऊन येणाऱ्या, हात उगारणाऱ्या, पैसा व फोन ताब्यात ठेवणाऱ्या माणसासमोर बाई गप्प बसते, कारण बोलले की मार पडतो. तिला ‘तूच थोडं समजून घे, दोन शब्द गोड बोल’ असा सल्ला कृपा करून कोणी देऊ नये. खाली मी अबोला सोडवायचे जे उपाय सांगणार आहे ते अशा घरासाठी नाहीत. तिथे आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि तातडीच्या वेळी ११२. मानसिक छळ, आर्थिक कोंडी हाही त्या कायद्याप्रमाणे हिंसाचारच आहे.

सोडवायचा कसा?

पहिली अडचण ठरलेली: आधी कोणी बोलायचे? आपल्याकडे जो आधी बोलतो तो हरला असे मानतात. मला विचाराल तर ज्याचे ब्लडप्रेशर जास्त त्याने आधी बोलावे, फायदा त्याचा आहे. हा विनोद सोडला तरी एक युक्ती सांगतो. सुरुवात भांडणाच्या विषयाने करूच नये. ‘चहा ठेवू का?’, ‘पाऊस येईलसं वाटतंय, कपडे काढतो,’ इतके साधे बोलणे आधी सुरू व्हावे. त्याला तह समजू नये आणि शरणागतीही समजू नये. विहिरीत पोहरा टाकायच्या आधी दोर तपासून पाहतो, तसे ते आहे.

मग वेळ. भुकेच्या वेळी, कामावरून आल्या आल्या आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर विषय काढू नये. रात्री काढलेला विषय पहाटेपर्यंत पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर काढूच नये. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, वाचणारा त्याला आपल्या रागाचा आवाज देतो. चालता चालता बोलणे अनेकांना सोपे जाते, कारण डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. ग्रामदेवतेच्या देवळापर्यंत जाऊन येण्यात एक तंटा अर्धा होतो.

बोलताना एका वेळी एकच विषय. पासबुकाचा विषय असेल तर २००९ सालच्या मुंजीत कोणाला आहेर कमी पडला, हे त्या दिवशी नको. ‘तुम्ही नेहमीच’ आणि ‘तू कधीच’ ही दोन सुरुवातीची पदे गाळून वाक्य करून पाहा, राग निम्म्यावर येतो. ‘तुझ्या माहेरचे’ आणि ‘तुमच्या घराण्यात’ हे तर पेट्रोलच. त्याऐवजी आपल्याला काय झाले ते सांगावे: ‘मला न विचारता पैसे दिले तेव्हा मला परकं वाटलं.’ हे वाक्य बोलायला कठीण आहे, कारण त्यात आपण उघडे पडतो. टोमणा मारणे त्यामानाने सोपे.

ऐकणाऱ्याचे काम आणखी कठीण. समोरचा बोलत असताना आपण मनात उत्तर रचत असतो. तसे न करता ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून पाहावे: ‘म्हणजे पैसे गेल्याचा राग नाही, तुला विचारलं नाही याचा आहे, असंच ना?’ चुकले तर समोरचा दुरुस्त करील. बरोबर निघाले तर समोरचे खांदे खाली येतात, हे मी माझ्या खुर्चीतून डोळ्यांनी पाहतो.

राग अनावर होऊ लागला तर थांबावे. इथेच अबोला आणि विश्रांती यांतला फरक आहे. ‘मला आत्ता फार संताप आलाय, मी अर्धा तास फिरून येतो, जेवण झाल्यावर बोलू’ असे सांगून उठणे ही विश्रांती. परत यायची वेळ न सांगता दार आपटून जाणे हा अबोला. त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात भांडण चालू ठेवले तर नाडी खाली येत नाही. काहीतरी दुसरे करावे. भांडी घासली तरी चालतील. घरातल्या पुरुषांना याचा सराव करायला विशेष वाव आहे.

तिसरा माणूस

दोघांना जमत नसेल तर आपल्याकडे मोठ्या माणसांना मध्ये घालण्याची पद्धत आहे. मामा, आत्या, गावचे कोणी जाणते. काही ठिकाणी हे उत्तम चालते. पण मोठी माणसे निकाल देतात. एक जिंकतो, एक हरतो, हरलेला घरी जाऊन पुन्हा अबोला धरतो, आणि झालेली चर्चा पुढच्या लग्नात मांडवभर होते.

समुपदेशन हा शब्द जरा जड आहे, परंतु त्यातला माणूस निकाल देत नाही आणि बाहेर बोलत नाही, हे त्याचे दोन मोठे गुण. प्रत्यक्षात काय होते? खोलीत दोन-तीन खुर्च्या असतात. बहुधा दोघांशी आधी वेगवेगळे, मग एकत्र बोलतात. गोळ्या नसतात. तो प्रश्न विचारतो, ऐकतो, दोघांना एकमेकांचे ऐकायला लावतो, घरी करायला छोटे काम देतो, पुढच्या आठवड्यात ते झाले का विचारतो. चार-सहा भेटींत फरक पडला नाही तर तसे स्पष्ट बोलावे. औषधाची गरज वाटल्यास तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. ते डॉक्टर असतात, गोळ्या ते देतात. कुणाकडेही जाताना त्याचे शिक्षण काय, हे विचारायला संकोच करू नये. हल्ली पाट्या पुष्कळ लागल्या आहेत.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे म्हणणाऱ्यांसाठी जवळचे उदाहरण देतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला; तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या सामान्य माणसांना तयार करून, तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी आठवड्याला तीस-चाळीस मिनिटे अशा सहा ते आठ भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यापैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातील इतर उपचारच मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. आणखी एक गोष्ट त्यात नोंदली आहे. भेटी मिळालेल्या गटातल्या स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी आढळली. मन आणि घर ही दोन खाती वेगळी नाहीत, असे मी त्यावरून समजतो.

सोयी कुठे आहेत? जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात चौकशी करावी. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, दिवसरात्र चालू, मोफत, मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलेले असेल तरी उशीर झाला असे नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यातच समुपदेशकांची तरतूद आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थ असतात.

‘मी येते, पण हे येणार नाहीत,’ असे मला दर आठवड्याला कोणीतरी सांगते. मग एकट्याने जावे. दोन माणसांच्या गाठीत एका टोकाने हालचाल केली तरी गाठ जागची हलते. वर लिहिलेल्या गृहस्थांच्या बाबतीत पहिला अर्धा तास एकट्या वहिनींशीच झाला होता. मात्र घरी जाऊन ‘डॉक्टर म्हणाले, तुमचंच चुकलं’ असे सांगू नये. मी तसे कधीच म्हटलेले नसते, आणि दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ माझ्याकडे भांडायला येतात.

(पुढील आठवड्यात: उन्हाळा आणि मूतखडा)